पानेवाडी ते परभणी : देशाचे तेलशुद्धीकरण आणि आपल्या पंपावरचे इंधन

श्रोतेहो, पेट्रोलचे दर चढू लागले की वर्तमानपत्रांत परभणीचे नाव हमखास येत असे, आणि ते राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलचे शहर म्हणून येत असे. २०१८ मध्ये ते आले, २०२१ मध्ये पुन्हा आले. मुंबईत दोन मोठे शुद्धीकरण कारखाने असताना आणि गुजरातेत जामनगरसारखा जगातला सर्वांत मोठा शुद्धीकरण प्रकल्प असताना आपल्याच वाट्याला हा चढा दर का, असे त्या दिवसांत मला अनेकांनी विचारले. थोडक्यात उत्तर असे की आपला बहुतांश माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून येतो, तिथून परभणी सुमारे ३०० किलोमीटर आहे, आणि टँकरचे हे भाडे लिटरच्या दरात धरलेले असते. हे उत्तर खरे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. तेल शुद्ध करण्याची देशाची क्षमता आणि ते गरज असेल त्या दिवशी गरज असेल त्या गावी पोहोचवण्याची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपण फार पुढे गेलो आणि दुसरीकडे, निदान मराठवाड्यापुरते, पुरेसे लक्ष दिले नाही, हे मला आज मांडायचे आहे.

पहिल्या गोष्टीचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. आसामात डिगबोईला १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, पण स्वातंत्र्यानंतरची खरी सुरुवात मुंबईत तुर्भ्याला झाली. तिथे १९५४ आणि १९५५ मध्ये अनुक्रमे एका अमेरिकी आणि एका ब्रिटिश कंपनीचे कारखाने उभे राहिले, आणि १९५७ मध्ये विशाखापट्टणमला तिसरा. कारखाने आपल्या भूमीवर होते, पण त्यांत कोणते तेल घालायचे हे परदेशी कंपन्या ठरवत होत्या. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा या कंपन्यांनी ते शुद्ध करून देण्यास नकार दिला. तेलखात्याचे तेव्हाचे मंत्री केशवदेव मालवीय सरकारी शुद्धीकरण कारखान्यांचा आग्रह धरत होते, तो किती रास्त होता हे या नकाराने सर्वांना दिसले. रुमानियाच्या मदतीने गुवाहाटीचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला आणि सोव्हिएत मदतीने बरौनी व कोयली पुढच्या तीन वर्षांत सुरू झाले. १९७४ आणि १९७६ मध्ये तुर्भ्याचे दोन्ही कारखानेही राष्ट्राच्या मालकीचे झाले. आज देशात तेवीस शुद्धीकरण कारखाने आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता वर्षाला २५ कोटी टनांच्या पुढे आहे, म्हणजे देशाच्या स्वतःच्या खपाहून थोडी अधिकच. कच्च्या तेलाच्या बाबतीत मात्र आपण शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग बाहेरून आणतो.

कारखान्यात नेमके काय होते, हे मी थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा हिशेब उलगडणार नाही. कच्चे तेल साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. जे हलके ते वर जाते, जे जड ते तळाशी राहते. वरून स्वयंपाकाचा गॅस आणि नाफ्था, म्हणजे ज्यापासून पेट्रोल होते तो हलका द्रव, मधल्या पातळ्यांवरून रॉकेल व डिझेल, आणि तळाशी रस्त्याचे डांबर किंवा भट्टीचे तेल. एका पिंपात १५९ लिटर तेल असते, पण त्यातून आपल्याला हवे तेवढेच डिझेल काढता येत नाही. एक पदार्थ काढला की बाकीचे त्याच्यासोबत येतातच. तळाच्या जड भागाचे रेणू तोडून त्यांतून आणखी पेट्रोल-डिझेल मिळवण्याची यंत्रसामग्री फार महागडी असते, आणि कोणता कारखाना वाईट, गंधकयुक्त, म्हणून स्वस्त तेल घेऊ शकतो, हे त्या यंत्रसामग्रीवर ठरते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे वाहनांच्या प्रदूषणावरच्या भारतीय मानकांच्या सहाव्या टप्प्याचे, इंधन लागू झाले आणि दहा लाख भागांत गंधकाचे ५० भाग चालत होते तिथे केवळ १० राहिले. त्यासाठी हायड्रोजन वापरून गंधक काढणारे विभाग प्रत्येक कारखान्यात वाढवावे किंवा नव्याने उभारावे लागले. आपल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी हे काम मुदतीत पार पाडले, याचा मला अभिमान वाटतो. घरगुती गॅसची गोष्ट वेगळी आहे. मनोऱ्यातून तो थोडाच निघतो, म्हणून देशाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो आणि त्यातला बराचसा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथे तणाव वाढला की त्याचा परिणाम आपल्या चुलीपर्यंत येतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. जून २०२२ मध्ये कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होते, निर्यातही जोरात होती, आणि तरीही अनेक राज्यांतील ग्रामीण पंपांवर माल संपल्याच्या पाट्या लागल्या होत्या. युक्रेनच्या युद्धामुळे जगात दर कडाडले होते, पण देशातील पंपांवरचे दर रोखून धरलेले होते. खासगी कंपन्यांना तोट्यात विकणे परवडेना, म्हणून त्यांनी विक्री आवरती घेतली. मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना ठोक दराने डिझेल महाग पडत होते, म्हणून तेही साध्या पंपांकडे वळले, आणि सगळा भार सरकारी कंपन्यांच्या पंपांवर पडला. शेवटी सरकारने सर्वच पंपांना विक्रीची सक्ती लागू केली आणि १ जुलैपासून निर्यातीवर जादा कर लावला. तो काळ पेरणीचा होता, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

पानेवाडीपर्यंत माल येतो तो मुंबईहून सुमारे २५० किलोमीटरच्या भूमिगत वाहिनीतून, आणि ही व्यवस्था मला अजूनही थक्क करते. एकाच नळातून पेट्रोल, मग डिझेल, मग पुन्हा पेट्रोल असे एकामागून एक ढकलले जाते. मध्ये पडदा वगैरे काही नसतो. जिथे दोन इंधने एकमेकांना भिडतात तिथे थोडी सरमिसळ होते. पलीकडच्या टोकाला घनता सतत मोजणारी उपकरणे ती सरमिसळ ओळखतात, आणि तेवढा भाग निराळ्या टाकीत घेतला जातो. वाहिनीतून टनामागे येणारा खर्च टँकरपेक्षा पुष्कळच कमी असतो. मनमाडच्या पुढे ही वाहिनी उत्तरेला इंदूर आणि दिल्लीच्या दिशेने गेली. आपल्या बाजूला ती वळली नाही. लातूर-धाराशिवला सोलापूरजवळच्या पाकणीचा डेपो जवळ पडतो. परभणी, हिंगोली आणि नांदेड मात्र दोन्हीकडून लांबच राहतात.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत काय झाले ते आठवा. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत होती, तिच्या विरोधात टँकरचालकांनी पानेवाडीत गाड्या उभ्या केल्या. संध्याकाळपर्यंत मराठवाड्यातल्या पंपांवर रांगा लागल्या आणि कित्येक पंप कोरडे पडले. त्या दिवशी देशात तेलाची टंचाई नव्हती. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूगर्भातील गुहांत मिळून ५३ लाख टन कच्चे तेल मावेल अशी सोय आहे, ती सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेची. तेल कंपन्यांची साठवण धरली तर ती सत्तर दिवसांच्या पुढे जाते. हे आकडे देशाचे आहेत. आपल्या पंपवाल्याच्या टाकीत दोन-तीन दिवसांपुरता माल असतो, आणि त्याच्या मागे तीनशे किलोमीटरचा रस्ता असतो.

मराठवाड्यातच शुद्धीकरण कारखाना काढावा, असे काही तरुण मित्र म्हणतात. मी त्याच्याशी सहमत नाही. बीना किंवा पानिपतसारखे कारखाने समुद्रापासून दूर चालतात हे खरे, पण त्यांना कच्च्या तेलाची लांब वाहिनी लागते आणि पाणीही भरपूर लागते. २०१६ मध्ये ज्या प्रदेशातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याने हा हट्ट धरू नये. इथेनॉलबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याने आयात थोडी घटते आणि आपल्या साखर कारखान्यांना पैसा मिळतो, पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्याने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला बंधने घालावी लागली, हे विसरून चालणार नाही.

मला हवी आहे ती गोष्ट यापेक्षा लहान आणि करता येण्यासारखी आहे. मनमाडहून निघणारा लोहमार्ग जालना, परभणी, पूर्णा करत नांदेडला जातो. त्या मार्गावर पूर्वेकडच्या जिल्ह्यांसाठी रेल्वेच्या टाकीवाघिणींतून भरता येईल असा निदान दहा दिवसांचा पेट्रोल-डिझेलचा साठा असावा, आणि पुढे वाहिनीची शाखा इकडे आणण्याचा अभ्यास व्हावा. आपल्याकडे डिझेलची मागणी वर्षभर सारखी नसते. ती मृगात पेरणीला आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीला उसळते. पेरणीचे डिझेल मे महिन्यातच या बाजूला येऊन पडलेले असावे, एवढी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी तेल कंपन्यांकडे लेखी करावी.