कपाळावरचा तारा

(पडद्यावर : चित्र. कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

हे चित्र दिसतं तेवढं मोठं नाही. उघडून ठेवलेल्या मोठ्या वहीएवढंच आहे. 1872 साली जॉन गास्टने ते काढलं, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या प्रवासाच्या मार्गदर्शिका छापणाऱ्या एका प्रकाशकासाठी. म्हणजे जाहिरातच म्हणा ना.

पांढऱ्या वस्त्रातली बाई हवेतून पश्चिमेकडे निघाली आहे. मागे आगगाड्या, घोडागाड्या, नांगर. पुढे अंधार, आणि त्या अंधारात पळणारे मूळनिवासी आणि बायसन. बाईच्या कपाळावर तारा आहे. एका हातात तारायंत्राची तार, दुसऱ्या हातात पुस्तक. शाळेचं.

या पुस्तकापाशी थांबू.

(पडद्यावर : न्यू एकोटा, जॉर्जिया. चेरोकींची जुनी राजधानी. माळ, एक लाकडी इमारत.)

चित्राच्या पन्नासेक वर्षं आधी सिक्वोया नावाच्या, चेरोकी या मूळनिवासी जमातीतल्या एका कारागिराने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आपल्या भाषेची लिपी एकट्याने घडवली. आपल्या बाराखडीतल्या का, की, कू सारखं, एकेका उच्चाराला एकेक चिन्ह. 1821 पर्यंत ती तयार झाली आणि लोक भराभर वाचू लागले. बॉस्टनहून छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, ओतून आणले गेले, आणि फेब्रुवारी 1828 मध्ये इथे चेरोकींचं वर्तमानपत्र निघालं. काही इंग्रजी, काही चेरोकी.

त्यांना राज्यघटना होती, न्यायालय होतं, मळे होते. प्रमुख जॉन रॉस यांच्याकडे तर काळे गुलामही होते. गोऱ्या शेजाऱ्यांचं सगळंच उचललं होतं, वाईटासकट.

मग जॉर्जियात सोनं सापडलं.

1832 साली राज्याने चेरोकींच्या जमिनीची चक्क सोडत काढली. 160 एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात 40 एकरांचे. पिंपातून चिठ्ठी निघाली की जमीन आपली! त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत. सोडत थांबली नाही. 1835 मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतले, तर त्यांच्या घरात परके लोक राहत होते. चिठ्ठी लागली होती.

छापखाना त्याच वर्षी जप्त झाला. 1950च्या दशकात इथे उत्खनन झालं, तेव्हा मातीतून शिशाचे बारीक खिळे निघाले. त्यांच्यावर सिक्वोयाची अक्षरं.

वर्ष सरता सरता अमेरिकी सरकारने मूठभर चेरोकींच्या सह्या घेऊन, जमीन सोडून पश्चिमेला जाण्याचा करार उरकला. त्याविरुद्ध हजारो चेरोकींनी अर्ज केला, तरी सिनेटमध्ये करार एका मताने तरला. 1838 मध्ये सैनिक दारात आले. सुमारे 16,000 माणसं पश्चिमेला हाकलली गेली. छावण्यांत आणि वाटेत साधारण 4,000 दगावली असा अंदाज आहे.

(पडद्यावर : टाहलेक्वा, ओक्लाहोमा.)

उरले ते इथे पोहोचले. शाळा काढल्या. सप्टेंबर 1844 मध्ये नवं वर्तमानपत्र सुरू केलं, त्याच लिपीत.

पुढच्याच वर्षी, 1845 च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या एका मासिकात जॉन ओ'सुलिव्हन या संपादकाने टेक्सास अमेरिकेत सामील करण्याच्या निमित्ताने लिहिलं, की हा सारा खंड व्यापणं अमेरिकनांच्या कपाळी उघडउघड लिहिलेलं आहे. 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'.

त्या उन्हाळ्यात टाहलेक्वाचा छापखाना चालूच होता.