पार्क हिलमध्ये परत कोण आलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या एका वसाहतीबद्दल सांगणार आहे. तिचं नाव पार्क हिल. रेल्वे स्टेशनच्या मागे चढ्या टेकडीवर ती उभी आहे. तिचं छप्पर सगळीकडे एकाच पातळीत ठेवलंय आणि टेकडी उतरत जाते तशी खाली मजल्यांची भर पडत जाते. वरच्या टोकाला चार मजले, तर खालच्या टोकाला तेरा.

तिथे पूर्वी दाटीवाटीची, पाठीला पाठ लावलेली कामगारांची घरं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पालिकेने ती जागा मोकळी करून 1957 ते 1961 या काळात हजाराच्या आसपास फ्लॅट बांधले. जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ हे तरुण वास्तुविशारद. त्यांनी दर तिसऱ्या मजल्यावर तीन मीटर रुंदीची उघडी गॅलरी काढली आणि तिला रस्ताच मानलं. टेकडीमुळे बहुतेक गॅलऱ्यांचं एक टोक थेट जमिनीला मिळतं, म्हणून दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी दारापर्यंत जायची. या गॅलऱ्यांना पाडलेल्या गल्ल्यांचीच नावं दिली आणि जुन्या शेजाऱ्यांना शक्य तिथे पुन्हा शेजारीच घरं दिली. चाळीत वाढलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

मग शहर ज्यावर जगत होतं, तो पोलाद उद्योग ढासळला. कामं गेली, पालिकेकडे देखभालीला पैसा उरला नाही, वसाहतीचं नाव खराब झालं. त्यात 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने देशभरातल्या पालिकांच्या भाडेकरूंना आपलं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. अनेक कुटुंबांचं त्यातून भलं झालं, हे मान्य करायला हवं. पण जितकी घरं विकली, तितकी नवी बांधली गेली नाहीत. तुटवडा तिथूनच वाढत गेला.

पार्क हिल पाडावं असं म्हणणारे कमी नव्हते. 1998 साली वारसा दर्जा मिळाला आणि सांगाडा वाचला. पुढे अर्बन स्प्लॅश या विकासकाने काम हाती घेतलं. सूत्र असं होतं, की काही घरं बाजारभावाने विकायची, काही स्वस्त भाड्याने द्यायची, काहींत थोडी मालकी आणि थोडं भाडं. विक्रीच्या पैशातून जुनं सावरायचं. आपल्याकडच्या पुनर्विकासात ‘सेल’ची घरं म्हणतात, त्याचंच हे इंग्लंडमधलं रूप. पहिल्या टप्प्यात विटा काढून रंगीबेरंगी ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. 2013 साली ते काम स्टर्लिंग या ब्रिटनमधल्या वास्तुकलेच्या मानाच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत गेलं. पुढच्या टप्प्यात मिखाइल रिचेस या वास्तुविशारद संस्थेने विटा ठेवल्या, त्यांचे जुने रंग जपले. मला हे दुसरं काम जास्त पटतं. इमारत दुरुस्त करताना तिचा चेहरा पुसायची गरज नव्हती, हे त्याने दाखवून दिलं.

पण एका गोष्टीचा मला अजून राग येतो. दोन इमारतींना जोडणाऱ्या एका उंच पुलावर 2001 च्या सुमाराला एका तरुणाने एका मुलीचं नाव लिहून ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, माझ्याशी लग्न करशील?’ असं रंगवलं होतं. नूतनीकरणात त्या अक्षरांवर निऑनचे दिवे चढवले गेले. जाहिरातीला ते वाक्य फार कामाचं होतं. मात्र दिव्यांतून मुलीचं नाव वगळलं. तोवर ती हयातही नव्हती. प्रेमाचं वाक्य राहिलं आणि ज्या बाईसाठी ते लिहिलं, ती गेली.

घरांच्या बाबतीतही असंच झालं, म्हणून हे सांगितलं. जी वसाहत सगळीच पालिकेची होती, तिथे स्वस्त भाड्याची घरं आता थोडक्या हिश्श्यावर आली. एक टप्पा तर विद्यार्थ्यांच्या निवासाचा झाला. लंडनमधल्या हेगेट वसाहतीत याहून वाईट झालं. तिथली बाराशेच्या आसपास घरं जमीनदोस्त केली आणि अडीच हजारांच्या नव्या योजनेत जुन्या सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त, घरं मूळ आराखड्यात शंभराच्याही आत होती. विकासक ‘परवडणारी घरं’ म्हणतो, तेव्हा भाडं बाजाराच्या किती टक्के, हे विचारलंच पाहिजे. ऐंशी टक्के भाडंसुद्धा तिथे त्याच नावाखाली खपतं.

मिश्र वसाहतीला माझा विरोध नाही. लंडनच्या हॅकनी भागातलं किंग्ज क्रेसेंट बघा. तिथे पालिकाच विकासक झाली. उरलेले जुने ब्लॉक पाडले नाहीत, त्यांना बाल्कन्या जोडल्या, नव्या इमारती मधल्या मोकळ्या जागांत बसवल्या आणि विक्रीचा पैसा भाड्याच्या घरांकडे वळवला. खेळण्याची जागा सगळ्यांची. भाडेकरूंना मागचा दरवाजा आणि मालकांना झुंबराची लॉबी, असला प्रकार लंडनमध्ये अनेक ठिकाणी झालाय. तो टाळणं हे वास्तुविशारदाच्या हातातलं काम आहे. जिना, लिफ्ट, टपालपेट्या, मुलांचं मैदान हे सगळं एकाच नकाशात आखायचं असतं. पण कुणाला किती घरं, हे तो ठरवत नाही. ते करारात ठरतं आणि करार होताना भाडेकरू खोलीत नसतो.

2018 पासून लंडनच्या महापौरांनी एक अट घातली आहे. मोठ्या वसाहतीत घरं पाडायची असतील आणि महापौरांचा निधी हवा असेल, तर आधी रहिवाशांचं मतदान घ्यायचं. भाडेकरूलाही तिथे मत आहे. हेगेटमधल्या कुटुंबांची घरं पाडून झाल्यावर चार वर्षांनी ही अट आली.