काथ्याचं प्लॅस्टिकशी जमतं कसं

कुडाची भिंत सारवताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? बरेच हात वर आले, म्हणजे माझं निम्मं काम झालं. मातीत भाताचं तूस किंवा गवताचे तुकडे का मिसळायचे हे आपल्याला कुणी बसवून शिकवलं नाही. पण नुसत्या मातीचा गिलावा वाळला की भेगाळतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे अवशेष सापडले. त्यावरचा शोधनिबंध 2016 मध्ये आला. (मागच्या रांगेत खसखस पिकली. झाड तेच, उपयोग वेगळा!) तंतूने ओढ सोसायची, मातीने तंतूला धरून ठेवायचं. आज ज्या पदार्थाबद्दल बोलायचं आहे त्यामागची युक्ती एवढीच आहे, फक्त मातीच्या जागी विघटनशील प्लॅस्टिक.

मात्र भिंतीला एक सोय होती. माती आणि गवत, दोघांनाही पाणी हवंसं. ओली माती गवतावर आपसूक पसरते. प्लॅस्टिकचं तसं नाही.

आपण पीएलए घेऊ. दह्यात असतं ते लॅक्टिक आम्ल, त्याचे रेणू एकाला एक जोडून केलेली लांब साखळी म्हणजे पीएलए. मूळ कच्चा माल साखर किंवा मक्याचा स्टार्च. जेजुरीला प्राज कंपनीने 2024 मध्ये अशा जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, तेव्हा ऊसवाल्या माणसाला हा विषय काही परका नाही. आणि तंतू घेऊ कोकणातला, नारळाचा काथ्या.

काथ्यातलं सेल्युलोज हीसुद्धा एक लांब साखळीच. तिच्या प्रत्येक कडीला तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. पाणी दिसलं की ते धरतात. पीएलए स्वभावाने पाण्याला टाळणारं. तरी त्याच्या साखळीवर ऑक्सिजनचे असे अणू आहेत की काथ्याचा हायड्रॉक्सिल गट त्यांच्याशी हायड्रोजन बंध, म्हणजे हलकीशी पकड, जुळवू शकतो. म्हणजे स्थळ तसं वाईट नाही. अडचण मधल्या मंडळींची आहे. काथ्याच्या अंगावर मेणचट, तेलकट थर असतो, आणि त्याखालचे हायड्रॉक्सिल गट हवेतल्या दमटपणाने आधीच अडवून ठेवलेले असतात.

मेणावर उपाय जुना आहे, कॉस्टिक सोडा. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने 1850 मध्ये सुती कापडासाठी त्याचं पेटंट घेतलं. मर्सराइज्ड कापड ते हेच. साधारण पाच टक्के द्रावणात काथ्या काही तास बुडवला की मेण निघतं, आणि पृष्ठभागावर चरबीचे जे बारीक गोळे बसलेले असतात ते निघून तिथे खळगे उरतात. वितळलेलं पीएलए त्या खळग्यांत शिरतं आणि गार झालं की अडकून बसतं. पाटा टाकी लावून घेतला की त्यावर वाटण सरकत नाही, तसंच. सोडा जास्त झाला तर तंतूच पोखरला जातो. धुण्यात कसूर झाली तर उरलेला सोडा पीएलएच्या साखळ्या तोडतो, म्हणून शेवटची धुलाई पातळ व्हिनेगरने करतात.

याहून पक्की गाठ हवी असेल तर मॅलेइक अॅनहायड्राइड नावाचं जोडणारं रसायन. ते आधी पीएलएच्या साखळीवर चढवायचं. मग त्याचं दुसरं टोक काथ्याच्या हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक बंध करतं. 

आता पाणी. आमचा पहिला घाणा जुलै महिन्यातला. काथ्या हाताला कोरडा लागला म्हणून तसाच यंत्रात घातला. बाहेर आली ती तपकिरी, फोड आलेली, बिस्किटासारखी तुटणारी पट्टी. नंतर कागदावर हिशेब मांडला. साखळीचा रेणुभार, म्हणजे एका साखळीचं वजन रसायनशास्त्राच्या मापात, एक लाख धरा. एक किलो पीएलएत एक ग्रॅम पाणी राहिलं आणि 180 अंशांच्या उष्णतेत ते सगळं साखळ्या तोडण्याच्या कामाला लागलं, तर प्रत्येक साखळीवर सरासरी पाचाहून जास्त घाव पडतात. एका ग्रॅममध्ये एवढं! तेव्हापासून काथ्या रात्रभर भट्टीत वाळवल्याशिवाय आम्ही यंत्राचं बटण दाबत नाही.

तर गाठ जितकी पक्की तितका पदार्थ चांगला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण काथ्याची रचना पाहा. त्यातले सूक्ष्म तंतू स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेले असतात. जवसाच्या धाग्यात ते जवळजवळ सरळ असतात. म्हणून काथ्या ताणला की सहज 15 टक्के आणि त्याहूनही जास्त लांबतो, तर पीएलए पाचेक टक्क्यांतच तडकतं. पीएलए तुटेपर्यंत काथ्याने भार उचलायला नीट सुरुवातही केलेली नसते. त्यामुळे काथ्या घालून ओढ सोसण्याची ताकद वाढेल ही आशा सोडा, बऱ्याचदा ती घटते. सुधारू शकते ती धक्का पचवण्याची क्षमता. तडा काथ्यापाशी आला की काथ्या घासत घासत आपल्या भोकातून बाहेर सरकतो आणि त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते. गाठ फारच घट्ट असेल तर तडा काथ्याला कापून सरळ पुढे जातो. म्हणून मोडलेल्या पट्टीचा काठ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बाहेर आलेले तंतू अगदी स्वच्छ असतील तर गाठ कच्ची, एकही तंतू बाहेर आलेला नसेल तर गरजेपेक्षा पक्की. थोडे बाहेर आलेले आणि अंगाला प्लॅस्टिकच्या चिंध्या चिकटलेले, असे दिसले की मी खूश. नव्या संशोधकांचा सगळा जीव चिकटवण्यातच अडकतो, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

एका रोपवाटिकावाल्या ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली: काथ्या-पीएलएच्या कुंडीसकट रोप लावलं तर चालेल का? नका लावू, ताई. पीएलए लवकर कुजायला 58 अंशांच्या आसपास तापणारा औद्योगिक खतडेपो लागतो. आपल्या वाफ्यातल्या मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहील. काथ्याच्या कडेकडेने पाणी आत झिरपतं, त्याने थोडी मदत होते, पण मुळं तेवढी वाट बघत नाहीत. बॅक्टेरियांकडून बनवून घेतलेलं पीएचए नावाचं दुसरं प्लॅस्टिक मातीत कुजतं, पण ते महाग आहे. काथ्या रबराच्या चिकात बांधून केलेल्या कुंड्या मिळतात, त्या खुशाल खड्ड्यात ठेवा. पीएलएची कुंडी मात्र रोप काढून घेऊन, धुऊन परत वापरा.