दहा इंच घरात, चार इंच जुहूला

(दृश्य: दादरची खोली. प्लॅस्टिकच्या स्टुलावर तोंड वर करून ठेवलेली मेटल डिटेक्टरची काळी तबकडी, शेजारी उभी फूटपट्टी.)

आवाज ऐका. आता हात थोडा वर. अजून वर. आता फक्त कुजबुज. आणि हे गप्प.

फूटपट्टीवर दहा इंच. नाणं पाच रुपयांचं, पिवळं.

हे माझे मामा. उभी हयात वायरमन म्हणून गेली. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, मामांनी मेटल डिटेक्टर घेतला. विकणाऱ्याने असंच टेबलावर नाणं फिरवून दाखवलं होतं. यंत्राची जाहिरात पाहिलीत तर तिथंही हेच दिसेल: टेबल, तबकडी, हवेत फिरणारं नाणं. मध्ये माती कुठेच नाही.

मामांच्या हातात अंगठी नाही, घड्याळ नाही. पहिल्या दिवशी होतं. तेव्हा तासभर यंत्राला मामांची अंगठीच सापडत होती.

(दृश्य: तबकडी जवळून. मामांचं बोट तिच्या कडेवरून फिरतंय.)

या तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आहेत. मामांच्या भाषेत, एक बोलतं आणि दुसरं ऐकतं. बोलणाऱ्यातला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो, त्यामुळे भोवतालचं चुंबकी क्षेत्रही तसंच हलतं. कारखान्यात ही दोन वेटोळी अशी बेताने बसवतात की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा आवाज जवळपास जाऊच नये. दोघांच्या टप्प्यात धातू आला की त्या धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते दुसऱ्याला ऐकू येतं.

पण जरासं उशिरा. हा उशीर चांदीचा वेगळा, पितळेचा वेगळा, लोखंडाचा वेगळा. पडद्यावर जो आकडा नाचतो, तो या उशिराचा. “खोली इतकी इंच” असं जे चित्र येतं, तो मात्र अंदाज: पुरलेली वस्तू नाण्याएवढी आहे असं धरून काढलेला. खाली घमेलं असलं, तर ते घमेलं यंत्राच्या लेखी बोटभर खोलीवरचं नाणं.

आता हे पाहा. तबकडी स्टुलावरून उचलली आणि लादीकडे वळवली.

(दृश्य: यंत्राचा सलग कर्कश आवाज. मामी दारात.)

खाली स्लॅब, स्लॅबमध्ये सळ्या. या खोलीत यंत्राला सोनं सापडायचं तर आधी इमारत पाडावी लागेल. वर एलईडी ट्यूब, कोपऱ्यात इन्व्हर्टर, खिशात मोबाइल, भिंतीतून गेलेल्या वायरी, आणि प्रत्येकाची आपापली कुरकुर. मामांनी मेन स्विच बंद केला. मामींचं म्हणणं एवढंच, की फ्रिजमधलं दूध नासलं तर तेही यंत्रानेच शोधून द्यावं. मेन बंद केल्यावर आठ इंचांचे दहा झाले, हे मात्र खरं.

म्हणजे घरातली चाचणी एकाच वेळी दोन खोटं बोलते. तारांच्या कुरकुरीने यंत्र आहे त्यापेक्षा कमी दिसतं. आणि मध्ये नुसती हवा असल्याने आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

(दृश्य: जुनी कोरीव चित्रं. पलंगावर रुग्ण, भोवती डॉक्टर.)

ही फसगत नवी नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली, डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. त्यांनी वेटोळ्यांचं एक यंत्र जुळवलं आणि कानाला टेलिफोन लावला. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन फिरणारे जुने सैनिक बोलावून त्यांच्यावर चाचणी घेतली. यंत्र बोललं.

राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत ते भलत्याच मोठ्या भागावर गुणगुणत राहिलं. मग उलगडा झाला, की गादीखाली पोलादी तारांचं जाळं आहे. शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला.

त्या गादीचं आणि आमच्या स्लॅबचं नातं मामांनी लगेच जुळवलं. “अरे, चाचणी माणसावर केली, पलंगावर नाही केली.”

(दृश्य: जुहू, पहाट. पाणी लांब गेलंय. ओल्या वाळूत आकाश दिसतंय.)

जुहू. पौर्णिमेनंतरची सकाळ, साधारण साडेसहा. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भर भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, त्यामुळे उधाणाची ओहोटी अशी उजाडताना मिळते. मामा चौपाटीवर जायचा दिवस पंचांग बघून ठरवतात. मामींना वाटतं, धार्मिक झाले.

मामांनी पाच नाणी आणलीत, प्रत्येकाला चिकटपट्टीने लाल दोरा. नाणं पुरायचं, दोऱ्याचं टोक वर ठेवायचं. यंत्र चुकलं तरी नाणं परत मिळतं.

आधी कोरडी वाळू. नाणं आठ इंच खाली. आवाज येतोय, जरा अंधुक, पण दोन्ही बाजूंनी तबकडी फिरवली तरी येतोय. घरातल्या आकड्याच्या जवळपास. मामा खूश.

आता वीस पावलं पाण्याकडे.

(दृश्य: यंत्राची अखंड टिवटिव. मामा थांबतात, यंत्राकडे बघतात.)

इथे काहीच पुरलेलं नाही. जे वाजतंय ते मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि खारी ओली वाळू वीज वाहून नेते. एकाच वारंवारतेवर, म्हणजे प्रवाह एकाच वेगाने उलटवत चालणाऱ्या यंत्राला ती पातळ चांदीच्या कागदासारखी भासते. लाट आली की वाळूचा ओलावा बदलतो आणि टिवटिवही बदलते.

आणि दुसरी गोष्ट. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून मामांनी तो वाळूवरून फिरवला.

(दृश्य: पिशवीला चिकटलेले काळे कण, अगदी जवळून. थोडं थांबूया.)

मुंबईचा खडक बराचसा काळा पाषाण, बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. खडक झिजतो, कण वाळूत येतात, लाटा त्यांच्या काळ्या रेघा ओढतात. पिशवी उलटी केली की चुंबक बाजूला होतो आणि हे कण कॉफीच्या पावडरीसारखे खाली पडतात. यंत्राच्या दृष्टीने नाणं आणि तबकडी यांच्यामध्ये ही भिंत उभी असते. हवेत ही भिंत नसते.

यावर उपाय आहे. मामा तबकडी वरखाली हलवतायत, नळाचा पंप मारावा तशी. खालच्या जमिनीचा आवाज यंत्राने ओळखून वजा करावा म्हणून. खनिजाचा आवाज असा जातो, पण मग मीठ उरतं. मिठाचा वजा केला की खनिज डोकं वर काढतं. अनेक वारंवारतांवर एकदम चालणारी महागडी यंत्रं दोन्ही सांभाळतात. मामांचं त्यातलं नाही. त्यांनी संवेदनशीलता निम्म्यावर आणली, टिवटिव थांबली. आणि नाणं? चार इंच.

हिशेब सोपा नाही, पण ऐकण्यासारखा आहे. नाणं तबकडीच्या मानाने पुरेसं लांब असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा आवाज निम्मा होत नाही. तो चौसष्टावा हिस्सा उरतो. जातानाही क्षेत्र विरतं, येतानाही विरतं. म्हणून “दहा फुटांवरची अंगठी” असं कोणी सांगितलं, की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघतो.

(दृश्य: चटईवर मांडलेल्या वस्तू.)

हा एक रुपया. १९९२ पासून रुपया स्टेनलेस पोलादाचा, चुंबकाला चिकटणारा. मामांनी “लोखंड नको” हे बटण दाबलं आणि रुपया बाद झाला. आपल्याच देशाचं चलन यंत्राला भंगार वाटतं.

ही अंगठी. छान वाजते, कारण बंद कडं आहे, भोवऱ्याला फिरायला वाट मिळते. हे मामींचं मंगळसूत्र, फक्त चित्रीकरणापुरतं मागून आणलेलं. वाट्यांवर आवाज आहे. बाकीची सगळी साखळी यंत्राच्या लेखी जवळजवळ नाहीच. प्रत्येक कडी वेगळी, इवलीशी. समुद्रात हरवतात त्या बहुधा साखळ्याच.

आणि हा चॉकलेटचा चांदीचा कागद. आकडा पाहा. अंगठीच्या आकड्याला लागूनच. कागद नको म्हणालात, तर अंगठीही गेली.

(दृश्य: चाळण घेतलेला माणूस, कमरेला पिशवी.)

हे रोज येतात. यंत्र नाही, सेल नाही. पाणी जिथे वळसा घेऊन जड वस्तू टाकतं, तेवढीच वाळू ते चाळतात. सोनारांच्या पेढ्यांवरची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी असतात, त्याच जातकुळीचं काम. मामांनी विचारलं, “काय दादा, लागलं का हाताला?”

“तीन रुपये, नि एक कुलपाची चावी.”

मामांच्या पिशवीत तोवर बाटलीची चार झाकणं होती.

संरक्षित किल्ल्यांच्या आणि वास्तूंच्या आवारात परवानगीशिवाय खणायला बंदी आहे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

(दृश्य: पाणी चढतंय. मामा वाकून दोरे गोळा करतायत.)

साडेआठ. पाणी परत फिरलं. एक दोरा, दोन, तीन. चौथा ओढला, नाणं आलं. पाचव्याचा दोरा लाटेने नेला. जागा मामांना ठाऊक आहे. इथेच, दोन हातांच्या आत.

यंत्र चालू आहे. टिवटिव ऐका.