लिंबाचे चार थेंब

नमस्कार. घरी करून बघता येईल अशा एका प्रयोगापासून सुरुवात करते. दोन्ही टोकांना कापूस असलेली कानाची काडी घ्या आणि बरोबर मध्यावर दोरा बांधा, म्हणजे ती तराजूच्या दांडीसारखी आडवी लटकेल. तिचं एक टोक २० सेकंद जिभेवर ठेवा. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका, गिळा, आणि दुसरं टोक तेवढाच वेळ जिभेवर धरा. आता काडी दोऱ्याने उचला. काहींची जवळजवळ आडवीच राहते. काहींची मात्र लिंबानंतरच्या टोकाकडे झुकते, कारण त्यांच्या तोंडाला पाणी जास्त सुटलेलं असतं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा अंतर्मुख माणसांची काडी जास्त झुकते असं दिसलं.

लिंबू तेच, थेंबही तेवढेच. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७मध्ये याचा अर्थ असा लावला, की अंतर्मुख माणसाच्या मेंदूची जागेपणाची पातळी मुळातच वर असते, म्हणून त्याला बाहेरून थोडंसं आलं तरी पुरतं. बहिर्मुख माणसाला तीच पातळी गाठायला गर्दी, गाणी, गप्पा लागतात. पुढे १९८४मध्ये अमेरिकेत रसेल गीन यांनी लोकांना शिकण्याचं एक काम दिलं आणि पाठीमागचा आवाज किती हवा ते त्यांनाच ठरवू दिलं. अंतर्मुखांनी आवाज कमी ठेवला, बहिर्मुखांनी वाढवला, आणि आपापल्या आवाजात दोघांचं काम सारखंच चांगलं झालं. एकाला दुसऱ्याच्या आवाजात बसवलं तेव्हा मात्र दोघांचंही बिघडलं. गाणी लावून अभ्यास करणाऱ्या मुलावर आणि मिक्सर सुरू झाला की पुस्तक मिटणाऱ्या त्याच्या बहिणीवर एकच नियम लावणाऱ्या घरांना मला हा प्रयोग पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

पण आयझेंक यांच्या मांडणीत एक गोष्ट बसत नव्हती. एलेन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७मध्ये माणसाची संवेदनशीलता मोजणारी २७ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. मोठे आवाज, प्रखर उजेड, उग्र वास सहन होत नाहीत का? एकाच वेळी अनेक कामं अंगावर आली की गोंधळ उडतो का? आणि त्याच यादीत, संगीत किंवा चित्र मनाला खोलवर भिडतं का? यात वर येणारी सगळी माणसं अंतर्मुख निघाली नाहीत. एलेन अ‍ॅरन यांच्या अंदाजाने दहातली तीन चक्क बहिर्मुख असतात. म्हणजे ज्याला माणसं हवीहवीशी वाटतात, त्यालाच मांडवातला लाउडस्पीकर असह्य होऊ शकतो.

हे मी स्वतःवरून सांगू शकते. लहानपणी वरातीचा बँड जवळ आला की मी दोन्ही कान घट्ट दाबून घरात पळायचे. ‘आमची ही जरा भित्रीच आहे,’ असं माझ्यादेखत पाहुण्यांना सांगितलं जायचं. तीच मी शाळेच्या स्नेहसंमेलनात हजार माणसांसमोर न अडखळता कविता म्हणायचे. कानांना त्रास होत होता, भीती कशाचीच नव्हती. आपल्याकडे ‘हळवा’ हा एकच शब्द दोन्हीसाठी वापरतात आणि मग मूलही स्वतःला तसंच ओळखायला लागतं.

हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी तर चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात केली. बाळापुढे रंगीत खेळणी हलवायची, आपल्या पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारखी. अनोळखी आवाज ऐकवायचे, एखादा वास द्यायचा. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, पाठ ताणायचं, रडायचं. आपल्याकडची एखादी आजी म्हणाली असती, हा मोठेपणी दांडगा होणार! केगन यांना उलटं दिसलं. हीच मुलं पुढे नव्या माणसांसमोर आईचा पदर धरणारी होण्याची शक्यता जास्त होती. सगळीच तशी झाली नाहीत, हेही त्यांनी आवर्जून नोंदवलं.

मग काही बुजरी का होतात आणि काही का नाही? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. अ‍ॅरन यांच्या अभ्यासांत संवेदनशीलतेबरोबर बालपण कष्टी गेलेलं असेल, तर मोठेपणी बुजरेपणा आणि खिन्नता ठळकपणे जास्त दिसली. बालपण बरं गेलं असेल तर हा फरक बराच पुसट होता. ज्याला टोचणी जास्त लागते त्याला माया पण जास्त लागू पडते, आणि याचा सगळ्यात सुंदर पुरावा लंडनमधून आला. मायकेल प्लुएस आणि इलोना बोनिवेल यांनी पूर्व लंडनच्या एका गरीब वस्तीतल्या, साधारण ११ वर्षांच्या शाळकरी मुलींना अडचणींना कसं तोंड द्यायचं हे शिकवणारे तास दिले. वर्षभराने पाहिलं तेव्हा नैराश्याची लक्षणं कमी झाली होती ती संवेदनशीलतेच्या पट्टीवर वर असलेल्या मुलींमध्ये. खालच्या बाजूच्या मुलींमध्ये तसा फरक दिसला नाही. वर्ग तोच, शिकवणंही तेच. हे २०१५मध्ये प्रसिद्ध झालं आणि वाचलं त्या दिवशी मला माझे कितीतरी विद्यार्थी आठवले, ज्यांना आम्ही ‘जरा घट्ट हो’ एवढंच सांगत आलो.

आत्ता व्याख्यानाआधी एक आई भेटल्या. मुलगा आठ वर्षांचा. स्नेहसंमेलनातून दरवर्षी रडत घरी येतो, म्हणून सवय व्हावी यासाठी या वर्षी त्याला पुढच्या रांगेत बसवायचं त्यांनी ठरवलंय. ताई, स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला मागे, दाराजवळ बसू द्या. मधे उठून दहा मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा आहे, हे आधीच सांगून ठेवा. आणि परत आत यायचं का, हे त्यालाच ठरवू द्या.