घर बघायला गेल्यावर

नमस्कार. तुमच्यातले काही जण एखादं मूल घरी सांभाळावं या विचारानं आलेत, काहींना गृहभेटींचं काम नव्यानं करायचंय. दोघांशी एकत्रच बोलते. आम्ही घरात येऊन काय बघतो, हे घरच्यांना आधी कळलं तर बिघडत काहीच नाही.

प्रतिपालकत्व म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं; दत्तक नव्हे. इथं मुलाची आई बहुतेकदा असते. ती दवाखान्यात असेल, वडील तुरुंगात असतील, घर मोडलेलं असेल. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये अशा मुलांना कुटुंबात ठेवायची सोय आहे. आदेश बालकल्याण समिती देते, आणि त्याआधी घराचा अभ्यास व्हावाच लागतो. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही ही वाट मोकळी केली. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देत नाहीत.

अहवालात उत्पन्न, जागा, आजारपण, पोलीस पडताळणी हे सगळं येतं. पडताळणीत ओळखीच्या माणसालाही सूट द्यायची नाही. माझी चूक झाली ती जागेच्या रकान्यात.

नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीसाठी शहराच्या पूर्व भागातल्या एका घरी गेले होते. एक खोली, वर पोटमाळा. पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं दारात पिंपांची रांग. बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बोलताना हात थांबत नव्हते. मधेच त्यांनी विचारलं, "बाई, पोरीची आई भेटायला आली तर तिला घरात घ्यायचं ना? की दारातनंच बोलायचं?" मी म्हटलं, ते नंतर बघू. अहवालात लिहिलं, 'जागा अपुरी.' त्यांचा प्रश्न लिहिलाच नाही.

नऊ वर्षांची ती मुलगी दुसऱ्या घरी गेली. तिथं स्वतंत्र खोली होती, नवी सायकल होती. माणसं चांगली होती, खरंच चांगली. पण ती माणसं म्हणायची, "मागचं सगळं आम्ही तिला विसरायला लावू." तिच्या आईचा विषय निघाला की टीव्ही लावायचे. पोरगी आईशी तेलुगूत बोलायची; त्या घरात तेलुगू कुणालाच येत नव्हतं. हळूहळू ती मराठीही बोलेनाशी झाली. उशीखाली चपात्या सापडू लागल्या. चार महिन्यांनी ती बालगृहात परत आली. ही चूक त्या घरापेक्षा माझी जास्त होती.

तेव्हापासून मी वेगळं विचारते. रात्री अंथरूण ओलं झालं तर सकाळी काय कराल? शेवटचं भांडण कशावरून झालं, मिटवलं कुणी? घरातल्या मुलांना बाजूला घेऊन विचारते, कारण ताट, गादी, आई या तिन्हींत वाटणी त्यांचीच होणार असते. आजीला तर विचारतेच. आपल्याकडं सून हो म्हणते, सही मुलगा करतो, आणि दिवसभर मूल आजीपाशी असतं. दुसरी भेट संध्याकाळी, दिवेलागणीला. कामावरून आलेला माणूस घरच्यांशी कसा बोलतो ते तेव्हाच कळतं.

पैशाबद्दलही सांगते. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मुलामागं महिन्याला 4000 रुपयांची मदत असते. ती कधी मिळेल, असं कुणी पहिल्याच भेटीत विचारलं तर लगेच शेरा मारू नका. हातावर पोट असलेलं घर हिशेब विचारणारच. आणखी एक जेवणारं तोंड वाढणार, याचा त्यांनी विचार केलाय एवढाच त्याचा अर्थ. मला काळजी वाटते ती मूल आल्यावर 'आमच्या घराला पूर्णत्व येईल' म्हणणाऱ्यांची. मूल उद्या आईकडं परत जायचं ठरलं, तर ही माणसं त्याचा हात सोडतील का?

त्या मुलीसाठी मी पुन्हा त्याच खोलीत गेले. बाईंनी ओळखलं, रागावल्या नाहीत. या वेळी मीच विचारलं, "आई आली तर कुठं बसेल?"

त्यांनी सूप उचलून बाजूला ठेवलं आणि सतरंजीवरची ती मोकळी झालेली जागा हातानं झटकून दाखवली. अहवालात मी ती जागा लिहिली. मापासकट नाही, पण लिहिली.