काळा धागा का विटला?

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा एक जुना सरकारी कारखाना आहे. राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायचे मोठमोठे चित्रमय पट इथे हातमागावर विणले जात. १८२४ साली इथल्या रंगाई विभागाची सूत्रं मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. तक्रार होती काळ्या रंगाची. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये सावली दाखवायला काळा धागा घातला, की तो फिका आणि विटका दिसे.

शेव्रलने इतर नामांकित कारखान्यांची काळी लोकर मागवली आणि आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाई चोख होती! घोळ घातला होता शेजारच्या निळ्याने.

आपली नजर एखाद्या रंगावर असते, तेव्हा त्याच्या विरुद्ध रंगाची झाक शेजारी चढलेली भासते. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी. त्यामुळे निळ्यालगतचा काळा किंचित तांबूस वाटतो, त्याचा गडदपणा जातो. यावर शेव्रलचा ग्रंथ १८३९ साली आला. पुढे जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराने त्याचे विचार थेट कॅनव्हासवर आजमावले.

चित्रकला शिकू लागलेल्या प्रत्येकाने हे स्वतः करून बघावं, असं मला मनापासून वाटतं. एकाच करड्या कागदाचे दोन लहान चौकोन कापा. एक पिवळ्या कागदावर ठेवा, दुसरा निळ्यावर. पिवळ्यावरचा थंड, निळसर-जांभळट वाटेल, निळ्यावरचा उबदार. तुकडे एकाच कागदाचे आहेत हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही.

लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या रंगचक्रातल्या, म्हणजे वर्तुळात मांडलेल्या रंगांमधल्या, समोरासमोरच्या जोड्या. शेजारी लावल्या तर एकमेकींना उठाव देतात. मिसळल्या तर एकमेकींचा भडकपणा मारतात, आणि हे मारणं फार कामाचं असतं.

जलरंगातला बर्न्ट सिएना घ्या. ट्यूबमधून काढताना तपकिरी दिसतो, पण पाण्याने पातळ केला की त्यातला नारिंगी उघड होतो. त्यात अल्ट्रामरीन ब्लू मिसळा. दाट असेल तर जवळजवळ काळा रंग मिळेल. पाणी वाढवा, आता सुरेख करडा. निळा थोडा वरचढ झाला तर पावसाळी ढग, सिएना वरचढ झाला तर जुनी दगडी भिंत.

सावलीसाठी तयार काळा रंग घेण्याआधी हेच मिश्रण वापरून बघा. निरभ्र उन्हातली सावली असेल, तर ते निळ्याकडे झुकू द्या. तिथे सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, बराचसा उजेड निळ्या आकाशाचाच असतो.